हीटर गार का पडला, ते आज कळलं

दौंडकरांनो, आधी तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट शिल्लक आहे का ते बघा.

आज फर्स्ट शिफ्टला कुरकुंभला जाताना माझ्या गाडीचा हीटर नुसता गार वारा मारत होता. सुटी झाल्यावर नेहमीच्या मेकॅनिककडं गेले. बॉनेटही न उघडता साहेब म्हणाले, "डॅशबोर्ड खोलावा लागंल."

मी सरळ पाटसला गॅरेजवाल्या शेख मामांकडं गेले. त्यांनी रेडिएटरच्या पाइपला हात लावून पाहिला. "पोरी, इंजिन तापेस्तोवर पाणी अडवणारा थर्मोस्टॅटच न्हाई. इंजिन तापंना, मग हीटर कसा तापंल? कुणी काढला?"

त्याच महाशयांनी, उन्हाळ्यात. वर "आपल्याकडं याची गरज न्हाई" हे ज्ञानही दिलं होतं.

मामांनी नवा बसवला, हीटर गरम झाला.

परतताना मुद्दाम थांबून त्या विद्वानाला सांगितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाला, "आता राहू द्या बसवलेला, ताई. उन्हाळा लागला की आणा, परत काढून देतो."