पिंजाऱ्याच्या घरचा चहा

बख्शअली पिंजाऱ्याने आपली एकुलती एक मुलगी देऊन टाकली, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पाहुण्यांचे पेले विसळूनसुद्धा झाले होते.

झालं होतं ते असं. गुरुवारची दुपार. मुलगी तरलान तयार रजया घेऊन मिनीबसने मेशगीनच्या बाजाराला गेलेली. बख्शअली एकटाच लोकर पिंजत बसलेला, मिशांपासून भुवयांपर्यंत पांढरा. तेवढ्यात दाराशी बूट काढल्याचा आवाज आला. बघतो तर हाजी फरमान आणि त्याचा मेहुणा. हाजी फरमान म्हणजे आगबुलाग गावातला सगळ्यात मोठा मेंढरवाला. डोंगरावरची अर्धी मेंढरं त्याची, आणि ती हाकायला ठेवलेली कुत्रीही त्याचीच. हाजीने उन्हाळ्यात चार रजया सांगितल्या होत्या आणि त्यातली एकही झाली नव्हती. 

"उस्ता," हाजी तक्क्याला टेकत म्हणाला, "आम्ही का आलो, ते तुला कळलंच असेल."

"कळलं, हाजी. तुमच्यावर स्वतः यायची वेळ आली, याचीच लाज वाटते मला."

"हिवाळ्याच्या आत उरकून टाकू."

"हिवाळा कशाला? तुम्ही म्हणाल तेव्हा. माझ्या घरात आहे ते सगळं तुमचंच आहे."

असं म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. कुणी टोपीचं कौतुक केलं तरी आम्ही म्हणतो, 'तुमचीच आहे', आणि समोरच्याने ती उचलून न्यायची नसते. हाजीने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने दाढीवरून हात फिरवला. बख्शअली उठला, समोवारावरची किटली उतरवली आणि चहा ओतला. दोघं शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. हाजीने रिकामा पेला बशीत आडवा केला, "मुबारक असो" म्हणाला आणि बख्शअलीला दोन्ही गालांवर मुके देऊन निघून गेला. रजयांना उशीर झाला म्हणून मुके घेणारं गिऱ्हाईक बख्शअलीने जन्मात पाहिलं नव्हतं. बरा माणूस आहे, असं म्हणून तो पेले विसळायला बसला.

इथे त्याच्या चहाबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात चहा कोराच असतो. साखरेचा खडा दातात धरायचा आणि त्यावरून चहा गाळत प्यायचा. पण खडा धरायला दात लागतात. बख्शअलीच्या तोंडात दात उरले होते मोजके, तेही एकमेकांपासून फटकून राहणारे. दातवाल्याकडे जायची त्याला भीती होती. तशी त्याला कुत्र्यांची भीती होती, ओढ्यावरच्या लाकडी पुलाची होती, सरकारी पाकिटांची होती. लष्करात असताना त्याला स्वतःच्या बंदुकीचीही भीती वाटायची म्हणतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, बख्शअलीच्या पाठी त्यांची अख्खी वरात होती.

तर त्याने दातांवर आपला उपाय काढला होता. साखरेच्या ढेपेचे तुकडे पाण्यात उकळून तो पाक करून ठेवायचा. बोटांत धरून बघायचा, तार जेमतेम धरू लागली की उतरवायचा. आधी पेल्यात लाकडी चमचाभर पाक, त्यावर किटलीतला कडक चहा, वरून समोवाराचं उकळतं पाणी. बायको होती तेव्हाही तसाच, ती गेल्यावरही तसाच. एक पेला दुसऱ्यापेक्षा थेंबभर गोड नाही की फिका नाही. डोळे बांधून कुणाला प्यायला दिला तरी तो सांगेल, आपण पिंजाऱ्याकडे बसलोय. गावाने यावरून त्याची पुरेशी थट्टा केली होती, आणि थट्टा करायला येणारा प्रत्येक जण दोन पेले पिऊन जायचा.

पेले पालथे घालतोय तोच कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या नबात खालाचं डोकं वर आलं.

"अरे बख्शअली, हाजी कशाला आला होता रे? खुशीत दिसला. दात दाखवत गेला."

"रजयांचं विचारायला."

"मेहुण्याला घेऊन? नवा कोट घालून?" नबात खालाचं डोकं आणखी वर आलं. "त्याच्या ऐदिनसाठी गेल्या महिन्यात दोन घरं फिरला तो. दोन्हीकडे साखर वेगळी आली. काय पाजलंस तू त्यांना?"

"चहा."

"कसला चहा?"

"आपला... नेहमीचा."

नबात खालाने तिथेच भिंतीवर कपाळ टेकलं.

मुलगी मागायला आलेल्यांना आमच्याकडे तोंडाने उत्तर देत नाहीत. कोरा चहा आणि शेजारी साखरेची वाटी आली, की 'बघू' म्हणायचं आणि उठायचं. साखर पेल्यात विरघळून आली, की मुलगी दिली. गोड चहा पाजून शब्द फिरवणाऱ्याच्या घरी मग कुणी लग्नालाही जात नाही, मयतालाही नाही. बख्शअलीने हातातला पेला खाली ठेवला.

"खाला, मला माहीत नव्हतं गं."

"तुला माहीत नव्हतं, पण त्याच्या पोटात गेलाय ना तो चहा? आता काय उलटा करून काढणार आहेस?"

ऐदिन म्हणजे हाजीचा धाकटा. दिसायला देखणा, मोटारसायकल छान चालवतो. त्याची पहिली बायको एका हिवाळ्यात हात गळ्यात बांधून माहेरी गेली, ती परत आली नाही. घोड्यावरून पडली, असं हाजीच्या घरातून सांगितलं गेलं. त्यांच्या घरात घोडा नव्हता.

बख्शअलीच्या पाचावर धारण बसली. आतापर्यंत तो आयुष्यभर भ्यायला होता, पण ते सगळं स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी भिणं निराळंच असतं, ते त्याला त्या दुपारी कळलं. पाय थरथरत नाहीत, पोट थंड पडतं. तो दारात बसला आणि मिनीबस येऊ नये असं मनात म्हणत राहिला. मग वाटलं, ती वाटेतच दरीत गेली तर? मग तो बस यावी असं म्हणत राहिला.

बस आली. तरलान उतरली, रजयांच्या गाठोड्याची रिकामी चादर खांद्यावर टाकून. चोवीस वर्षांची, बापासारखीच बारीक चणीची, पण बापाच्या वाटची सगळी हिंमत तिच्याकडे आलेली. वाटेत दोघीतिघींनी तिला 'मुबारक' म्हणून झालं होतं. ती आत आली, जोडे काढले आणि त्याच्यासमोर बसली.

"बाबा, तुम्ही मला दिलंत?"

"नाही गं. मी फक्त चहा दिला."

"त्यांना जाऊन तसं सांगितलंत?"

"सांगू कसं? हाजीला? ऐदिन घरात असेल. कुत्री मोकळी असतात. मला मारतील गं ते."

तरलानने चादरीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.  तिला घाबरलेलं त्याने यापूर्वी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहवत नव्हतं.

"तुम्हाला एकदा मारतील, बाबा," ती म्हणाली.

 

शुक्रवारी सकाळी बख्शअलीने भुवयांमधली लोकर धुऊन काढली, स्वच्छ सदरा घातला आणि निघाला. लाकडी पुलावर एरवी तो डोळे मिटून चालायचा. त्या दिवशी पूल कधी आला नि गेला त्याला समजलं नाही. हाजीच्या फाटकाशी कुत्री भुंकत धावून आली. एकाने त्याच्या विजारीचा काठ दातात धरला. तो त्या कुत्र्यासकट दोन पावलं चालला. गड्याने हाक मारून ते सोडवलं.

आत दिवाणखाना भरलेला. मुबारक म्हणायला गावातले म्हातारे आले होते. ऐदिन खिडकीशी उभा होता, हातात मोटारसायकलची किल्ली फिरवत.

"या या, व्याही!" हाजी ओरडला. "वर बसा, माझ्या शेजारी!"

वर बसणं म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. बख्शअलीने दाराकडे एकदा पाहून घेतलं. घरून पाठ करून आणलेलं वाक्य त्याने शोधलं. ते कुठेच नव्हतं.  तेवढ्यात चहा आला, सोनेरी काठाच्या पेल्यात, कोरा, आणि शेजारी साखरेची वाटी.

बख्शअलीने वाटीला बोट लावलं आणि ती हळूच दूर सरकवली.

पेला उचलला. अर्धा चहा बशीत सांडला. उरलेला तो प्याला. इतका कडू चहा त्याने लहानपणी तापात घेतलेल्या काढ्यानंतर प्यायला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.

"साखर घे ना," हाजी म्हणाला. "दात नसतील तर विरघळवून घे. आपल्यात कसली लाज?"

"नको, हाजी."

"एवढा गोड खाणारा माणूस तू."

"आणखी एक द्या," बख्शअली म्हणाला. "असाच."

दुसरा पेला आला. दिवाणखान्यातलं बोलणं एकेका कोपऱ्यातून विझत गेलं. सगळे त्याच्या घशाकडे बघत होते. पिंजारी बिनसाखरेचा चहा पितोय, हे आगबुलागात कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतकं कुणी बावळटही नव्हतं.

"हे काय चाललंय?" ऐदिन खिडकीपासून हलला.

"काल तुम्ही प्यालात," बख्शअली जाजमाकडे बघत म्हणाला, "तो माझा रोजचा होता. उत्तर... उत्तर हे आहे."

"गोड पाजून फिरतोस?" हाजीचा आवाज खाली गेला. हाजीचा आवाज चढला की गडी घाबरायचे, आणि खाली गेला की गाव घाबरायचं. "माझ्या घरात बसून? या सगळ्यांसमोर?"

बख्शअलीला वाटलं, आता संपलं. त्याने डोळे मिटले.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं वाटतं?" आवाज दारातून आला. हाजीची बायको जरीनताज, ट्रे हातात घेऊन उभी. "परवा याच तक्क्याला टेकून कोण म्हणालं, पिंजाऱ्याच्या घरी टपालवाल्यालासुद्धा गोड चहा मिळतो, तिथेच जाऊ? मुलगी घरात नसेल तो दिवस बघू, असं कोण म्हणालं?"

"तू आत जा."

"जाते. पण एक हात गळ्यात बांधलेली पोर या दारातून गेलेली मी पाहिलीय. त्या झोळीची गाठ मीच बांधून दिली होती. दुसरी बांधणार नाही."

कुणी खोकलं. मग कोपऱ्यातले आंधळे मश्दी सुब्हान, गावात सगळ्यांत म्हातारे, काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "हाजी, मी त्या घरी वीस वर्षं गोड चहा पितोय. त्या हिशेबाने ती पोर माझी बायको झाली असती. मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

आधी एक हसला. मग दुसरा. मग हसू नये म्हणून ज्यांनी दाढीत तोंड घातलं होतं, तेही हसले. हाजी हसला नाही. पण एवढ्या हसणाऱ्यांसमोर माणूस मारायचा कसा, हे त्याला सुचेना. ऐदिनला मात्र ते सुचत होतं. तो तीन ढांगांत बख्शअलीसमोर आला, आणि बख्शअलीच्या हातातून पेला सुटला. जाजमाच्या काठावर, फरशीवर पडला आणि फुटला.

"बस खाली!" हाजी मुलावर खेकसला. मग बख्शअलीकडे न बघता म्हणाला, "आणि तू जा. रजया नकोत मला तुझ्या."

बख्शअली काचा गोळा करायला वाकला होता. जरीनताजने त्याच्या हातातून त्या काढून घेतल्या.

"राहू दे, हात कापेल. पण पेला आणून दे हं, उस्ता. सहाचा संच आहे माझ्या माहेरचा."

"आणतो, बाजी. बहिणीला शब्द दिला, नक्की आणतो."

तो फाटकाबाहेर आला. तो ओढ्याकाठच्या दगडावर बसला आणि दोन्ही पेले ओकला. मग पूल दिसला. तो त्याने डोळे मिटून, कठड्याला धरून, नेहमीसारखाच पार केला.

घरी तरलान दारातच उभी होती. तिने त्याच्या विजारीचा फाटलेला काठ पाहिला, त्याचं तोंड पाहिलं, आणि पाकाचं भांडं खाली काढलं. त्याच्याच लाकडी चमच्याने मोजून चहा केला. पेला तिनेच त्याच्या ओठांशी धरला.

"झाला का बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर झालाय," तो म्हणाला आणि रडायला लागला.

त्याला आता सुमारे एक वर्ष होत आलं. हाजीच्या नात्यातलं कुणी बख्शअलीकडे रजया पिंजायला देत नाही. कामं कमी झालीत. ऐदिनची मोटारसायकल दारावरून जाताना कधीकधी मुद्दाम हळू होते, आणि बख्शअली हातातलं काम टाकून उठतो, दाराला अडसर घालतो, तरलान आत आहे ना ते बघतो. तो शूर वगैरे झालेला नाही. कुणी त्या शुक्रवारची गोष्ट काढली तर त्याचा चेहरा पांढरा पडतो आणि तो विषय लोकरीवर नेतो. फक्त दारी कुणी अनोळखी आलं, की चहा ओतण्यापूर्वी आधी विचारतो, "कशासाठी आलात?" गिऱ्हाइकांना याचा राग येतो.

पेला त्याने मेशगीनहून आणलाय. तसाच, सोनेरी काठाचा, दुकानदाराला तीनदा बदलायला लावून. लोकरीत गुंडाळून कोनाड्यात ठेवलाय. दर शुक्रवारी सकाळी तो घेऊन निघतो, हाजीची कुत्री दिसतात तिथवर जातो आणि परत येतो. तरलान म्हणते, मी नेऊन देते. तिला तर तो त्या बाजूला मुळीच जाऊ देत नाही.

परवा नबात खालाचं डोकं पुन्हा भिंतीवर आलं.

"अरे बख्शअली, हाजीची बायको विचारत होती. म्हणाली, पिंजाऱ्याला सांग, पाच पेल्यांत सहावा पाहुणा कुठे बसवू?"

"येतो म्हणावं," बख्शअली म्हणाला. "या शुक्रवारी येतो."

"गेल्या शुक्रवारीही हेच म्हणालास."

"कुत्री बांधलेली असतात का गं शुक्रवारी?"

"नाही," नबात खाला म्हणाली.

"मग पुढच्या," बख्शअली म्हणाला, आणि पिंजायला बसला.