हे कसलं रडणं?

"बीए बाई, हे कसलं रडणं? भुकेचं की झोपेचं?"

अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत शेजारच्या वहिनी पोर कमरेवर घेऊन माझ्या दारात उभ्या राहत आणि हा प्रश्न टाकत. ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे 'बीए बाई' मला गोड लागायचं. पण माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं!

"मला काय कळणार वहिनी? मी इतिहास शिकवते."

"मग एवढं शिकलात काय?" म्हणत त्या चालू लागत.

वहिनींचे दिवस दोन तऱ्हांचे. चढत्या दिवसांत त्या क्वार्टर्सच्या अख्ख्या लाइनीला घावणे वाढत आणि झोपलेल्या पोराला उठवून गाणी ऐकवत. त्याने जांभई दिली तरी "हसला, हसला!" म्हणून टाळ्या. वर्गात अचानक तपासनीस आल्यावर आम्ही मास्तर लोक जसे बघतो, तसं ते बिचारं आईकडे बघे.

मग एका सकाळी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. पोर खुदकन हसलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. "दिसतं हो मला, हसतोय ते," एकदा म्हणाल्या, "पण आत पोचत नाही."

कॉलनीत याला 'बाहेरचं' म्हणत. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मात्र वहिनींच्या यजमानांना समजावलं, की हा मनाचाच आजार, कधी उल्हासाच्या टोकाला नेतो, कधी उदासीच्या, आणि बाळंतपणानंतर उसळला आहे. गोळ्या सुरू झाल्या.

संक्रांतीला खेडकडच्या गावातून सासूबाई आल्या, त्या ठरवूनच. "बोरन्हाण झालं की पोराला मी न्हेतेय. हिला त्याचं काय कळतच न्हाय."

"न्या," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

बोरन्हाणाला पोर हलव्याच्या दागिन्यांनी असं मढवलं होतं, की त्याला मान वळवता येईना. डोक्यावर चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओतले आणि वेचायला सगळी पोरं तुटून पडली. बाळाने तोंड उघडून किंकाळी फोडली.

"हसतोय बघा लबाड!" बायका म्हणाल्या. मीही म्हणाले, बीए असून.

कोपऱ्यात बसलेल्या वहिनी उठल्या. "हसत नाहीये. मुठी बघा त्याच्या. भ्यालाय तो." पोरांना कोपराने बाजूला सारून त्यांनी त्याला उचललं. चेहरा त्यांचा तसाच, दगडी. लाडाचा एक शब्द नाही. नुसतं खांद्याशी धरून मागच्या दारात उभ्या राहिल्या. हळूहळू त्याचे हुंदके निवले.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. "मीच ऱ्हाते हितं," शेवटी म्हणाल्या. "तुजे दिस वाईट आले की पोर माज्याकडं, बरे आले की तुज्याकडं."

"आणि चहा?" वहिनींनी विचारलं. "तुम्ही साखर फार घालता."

आजार काही गेला नाही. वाईट दिवस येत राहिले, आणि साखरेवरून भांडणंही.

पुढे दोनेक वर्षांनी यजमानांची बदली झाली. तो वहिनींचा चढता दिवस होता. ट्रक सुटायची वेळ झाली, तरी खाली उतरत, एकेकीच्या गळ्यात पडत, परत चढत, परत उतरत. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. मग केबिनमधून पोराने त्यांचा पदर धरला.

"आई, बस."

त्या मुकाट्याने त्याच्याशेजारी बसल्या. ट्रक वळणाआड गेला तरी मी हात हलवत होते. त्या मला हात करायलाही विसरल्या.