सलीमपर्यंत न पोचलेली ऑर्डर

मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, हवालदार होतो. रिटायर झाल्यावर दिघीत राहायला आलो आणि चाकणच्या एका गोदामात वायरलेस नेटवर्क उभारायचं काम घेतलं. माझ्याच सेक्शनचा नाईक सलीम शेख, दापोडीचा, तिथे सेफ्टीवर लागला. फौज सुटली तरी तो मला ‘साब’च म्हणायचा.

नेटवर्क मांडलं तेव्हा गोदाम रिकामं होतं. छताला राउटर लावले, हॅंडसेट घेऊन प्रत्येक रांग चाललो. आवाज खणखणीत. मग रॅक आल्या आणि त्यात वरपर्यंत लोखंडी ब्रेक ड्रम भरले. लोखंड सिग्नल अडवतं, हे सिग्नल्समधल्या रिक्रूटलाही कळतं.

सलीम म्हणाला, “साब, माल भरलाय. एकदा परत चालून बघू.”

“कागदावर सगळं ओके आहे. तू तुझं सेफ्टीचं बघ.”

पलटणीत असतो तर असं बोललो नसतो. सिव्हिलमध्ये येऊन डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय!

महिन्याभरानं, दुपारी तीन दहाला, अकराव्या रांगेमागे फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांना आग लागली. सलीमनं चार कामगार बाहेर काढले. पाचवा दिसेना, म्हणून परत आत गेला. तीन चौदाला तो पाचवा मागच्या दारानं बाहेर आला. मी हॅंडसेट उचलला.

“सलीम, सगळे बाहेर आहेत. मागे फिर. ओव्हर.”

पुन्हा बटण दाबलं.

“सलीम, ऑर्डर आहे! मागे फिर!”

तीन सोळाला रॅक कोसळली. सलीम तिच्याखालीच गेला.

संध्याकाळी नेटवर्कचा लॉग उघडला. अकराव्या रांगेत शिरताच सलीमच्या हॅंडसेटचा नेटवर्कशी संपर्क तुटला होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं रिपोर्ट पुढे केला. ‘ऑर्डर देऊनही शेख बाहेर आले नाहीत.’ खाली माझी सही हवी होती.

“जाऊ द्या हो, तुम्ही कशाला अंगावर घेता?” मॅनेजर म्हणाला.

मी ते वाक्य खोडलं. लिहिलं, ‘शेख यांना ऑर्डर पोचली नाही. भरलेल्या गोदामात नेटवर्क तपासलं नव्हतं. चूक माझी.’ मग सही केली.

तिथून थेट दापोडीला गेलो. सलीमची बायको म्हणाली, “लोक म्हणतात, हट्टानं आत थांबले.”

“नाही भाभी. त्यानं माझी एकही ऑर्डर कधी मोडली नाही. तो परत तपासू म्हणाला होता. मीच नको म्हणालो.”

त्या म्हणाल्या, “हे त्यांच्या मुलीसमोर सांगा.”

मुलगी बाहेर आली. मी उठून सावधान उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.