चवरीवालीजवळची रिकामी जागा

गफूरभाई गेल्याचं मला एसटीत कळलं. खामगावहून जळगाव जामोदला परत येत होते. कंडक्टर ओळखीचा. तिकीट हातात देता देता म्हणाला, "म्याडम, स्टँडावरचे फुलवाले गफूरभाई गेले नं परवा. झोपेतच." मी "हो का" म्हणाले आणि पुढच्याच फाट्यावर उतरले. का उतरले ते अजून सांगता येत नाही. कपाशीकडे बघत पाऊण तास उभी राहिले आणि मागच्या गाडीने घरी आले. याला आता सहा आठवडे होतील. लिहायला बसले की दर दोन ओळींनी उठते, चहा ठेवते आणि तो उतू जातो.

मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवली. गफूरभाईंची टपरी माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. देवळाचे हार, दर्ग्याची चादर, नवरदेवाचा सेहरा, शोकसभेचं पुष्पचक्र, सगळं त्याच दोन हातांतून निघायचं. रंगसंगतीवर मी वर्गात तीन तास बोलायचे. ते शेवंतीत एकच जांभळं फूल खोचून म्हणायचे, "आता पाहा म्याडम, पिवळा कसा बोलून राह्यला." मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून थोडा रागही यायचा.

वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं लहानसं संग्रहालय आहे. विहिरी खणताना सापडलेल्या मूर्ती, काही जुनी चित्रं. निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं… दहा कलाकृती निवडायच्या आणि प्रत्येकीला पाहून जे सुचेल ते फुलांत मांडायचं. बाकीच्या नऊ मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींना वाटल्या आणि एक गफूरभाईंना. ते थांबले चवरीवालीपाशी. चवरी ढाळणारी दगडी बाई. खांद्यावर चवरीचे केस तेवढे शिल्लक, ज्या हातात ती धरायची तो उजवा हात कोपरापासून तुटलेला.

"हिले हार घालाचा?"

"नाही. हिच्याकडे बघून तुम्हाला वाटेल ते करायचं आणि शेजारी ठेवायचं."

"मंग ठीक. खंडित मूर्तीले फुलं वाहत नाही तुमच्यात. लोक मलेच बोलले असते." मूर्ती आमची, पण नियम त्यांना पाठ. त्यानंतर चार दुपारी टपरी बायकोवर, शमीमभाभींवर, सोडून ते तिच्यासमोर फरशीवर बसले. मी डोकावले की म्हणायचे, "अजून नाई."

प्रदर्शनाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. रचना रात्रीपासून ओल्या फडक्याखाली होती. फडकं काढलं तर वर निशिगंधाच्या सरी चवरीसारख्या झुललेल्या, खाली शेवंतीचा डौल, आणि मध्येच एक बाजू उघडी. नुसती सोललेली तुराटी, तुरीची वाळकी काडी, तिच्यावर एक पाकळी नाही. जिल्ह्याचे साहेब अर्ध्या तासात येणार होते. माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते… टपरीवालाच शेवटी, अर्धवट टाकून गेला. मी दुसऱ्या परडीतले लाल जरबेरा उचलले आणि ती बाजू भरून काढली.

गफूरभाई पांढरा सदरा घालून आले. रचनेसमोर थांबले. एका जरबेराला बोट लावलं. "चांगलं दिसून राह्यलं," म्हणाले आणि मागे जाऊन बसले. साहेबांनी नेमकी तीच रचना वाखाणली, किती भरगच्च म्हणून.

दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीने प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळचा फोटो पाठवला. मूर्ती आणि रचना शेजारी शेजारी. तुटलेला हात जिथे असायला हवा होता, नेमकी तिथेच ती तुराटी होती. चार दुपारी त्या माणसाने ते रिकामपण शोधलं होतं आणि मी ते अर्ध्या तासात बुजवलं होतं.

सांगायचं ठरवलं. उद्या, परवा, सणाची गर्दी सरल्यावर. दोन वर्षं मी दर आठवड्याला त्यांच्याकडून फुलं घेतली, पावसापाण्याबद्दल बोलले, आणि तेवढं सोडून सगळं सांगितलं. रचना त्यांनी पुन्हा कधी केली नाही. विचारलं की हसायचे, "आपले हारच बरे."

गेल्या आठवड्यात टपरीवर गेले. शमीमभाभी एकट्याच हार गुंफत होत्या. प्रदर्शनाचा विषय त्यांनीच काढला. "ते घरी लय सांगत. म्हनत, म्याडमले वाटलं असन का माह्याकडून राह्यलं. लोकायनं मले हसू नाई म्हणून स्वतःच्या हातानं भरलं त्यायनं. लय मोठ्या मनाच्या हायेत."

इथे गप्प बसले असते तर चाललं असतं. बसवेना. म्हटलं, "नाही भाभी. त्यांना कोणी हसेल म्हणून नाही, साहेबांपुढे माझी लाज जाऊ नये म्हणून भरलं. मला वाटलं, त्यांना जमलं नाही. जमलं होतं. मलाच दिसलं नाही."

त्यांची सुई थांबली. म्हणाल्या, "मंग हे त्यायले सांगाचं होतं नं, म्याडम."

आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. मग त्यांनी गफूरभाईंचं लोखंडी स्टूल पदराने पुसून माझ्याकडे सरकवलं. "बसा."

मी बसले नाही. आता रोज जाते, आणि उभ्यानेच फुलं घेते.