दिसेबोची वाकडी गाडी

"मालोमे, तू तिला नुसती उघड. पुरायची का न्हाय ते मी बगते."

"उघडून काय बगायचं? गेल्या साली गिअरबॉक्स, औंदा रेडिएटर, आता हेड गेलं. आगं दिसेबो, हिच्यात मूळची गाडी ऱ्हायलीया किती? हॉर्न तेवढा जुना आसंल."

"त्यो बी तू इस्टरला बदललास."

फान्यानाला हसू आलं. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि ठसका ओसरेपर्यंत त्यानं बॉनेट उचललं होतं. फान्याना गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री, काही दिसेबोचा सख्खा मामा नव्हता. पण काटलेहोंगच्या वस्तीत वडीलधाऱ्या पुरुषाला मालोमे, म्हणजे मामा, म्हणायची रीत आहे, आणि ज्याच्या हातात आपल्या गाडीचा जीव त्याला तर म्हणावंच लागतं.

गाडी लाल, दोन दारांची, सहा सिलिंडरची, बुटकी आणि चौकोनी. असल्या गाडीला तिकडं गुशेशे म्हणतात. एका काळी गुंडापुंडांची आवडती. दिसेबोकडं ती आली मात्र देवळातनं. चर्चच्या एका कारभाऱ्यानं उतारवयात हौस म्हणून ही स्पोर्ट गाडी घेतली आणि बायकोनं ती दारात उभी राहू दिली नाही. टायर घालायला म्हणून त्यानं ती दिसेबोच्या टपरीवर आणली आणि जाताना पायी गेला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं, असं दिसेबो अजून सांगते.

दिसेबो मोफोकेंगचा धंदा जुन्या टायरांचा. टॅक्सीवाले तिच्याकडं नक्षी शिल्लक असलेली टायरं मागायला येतात आणि भिंगरीवाले पार गुळगुळीत झालेली. भिंगरी म्हणजे गाडी जागच्या जागी गरागरा फिरवायची, धुराचे लोट काढायचे, आणि फिरत्या गाडीतनं अंग बाहेर काढून लोकांना सलाम ठोकायचा. रविवारी मैदानात भिंगरी, शनिवारी एखाद्या भिंगरीवाल्याच्या मयताला भिंगरी. नवरा रुस्टेनबर्गच्या खाणीत गेला तो तिकडंच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हा दिसेबोनं टपरीमागच्या माळावर पहिली भिंगरी घातली. टायर तपासतेय म्हणाली. टायर फुटलं, पण तिचं ओझं उतरलं. पुढं ती मैदानात उतरली, तेव्हा बायका तोंडावर हात धरून हसल्या आणि बाप्ये शिट्ट्या मारून. आता त्याच बायका लेकींना घेऊन तिला बघायला येतात.

तिची एक करामत दुसऱ्या कुणाला साधत नव्हती. गाडी गिअरमध्ये फिरती ठेवून ती दार उघडून खाली उतरायची आणि गाडी एकटीच तिच्याभोवती फिरत राहायची. उतरतात बाकीचेही, पण ते आधी स्टिअरिंगला पट्टा बांधतात. दिसेबोनं कधी बांधला नाही. ती म्हणायची, दावं लावून तर शेरडू पण गोल फिरतं.

पण गेल्या दोन खेपांना गाडीनं दगा दिला. मैदानाच्या मधोमध खोकली आणि बंद पडली. चौघांनी ढकलत बाहेर काढली. खेळ भरवणारा मोजालेफा माइकवर काही बोलला नाही, नंतर बाजूला घेऊन बोलला. शेवटचा खेळ तुझा असतो, दिसेबो, आणि लोक शेवटचं तेवढं लक्षात ठेवतात. या रविवारी गाडी थांबली तर ती जागा मी पोरांना देणार. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला लागलं.

लेकीनंही तेच धरून ठेवलं होतं. रेआबेत्स्वे दवाखान्यात नर्स. आईनं भिंगरी सोडावी असं तिचं म्हणणं नव्हतंच. म्हणणं एवढंच की टपरीतली सगळी कमाई या लाल बयेच्या पोटात जाते, आणि तेवढ्यात नवी स्पोर्ट गाडी येईल. मायलेकींचं ठरलं होतं. रविवारी गुशेशे मैदानातनं आपल्या पायानं बाहेर आली तर राहील. ढकलून काढावी लागली तर सोमवारी शोरूममध्ये द्यायची आणि नवी आणायची. दिसेबोनं लेकीच्या हातावर हात मारून कबूल केलं होतं. कबूल करून माघार घेणारी ती बाई नव्हे.

फान्यानानं हेड काढलं, घासून आणलं, बसवलं. इंजिन असं बोलायला लागलं की शेजारणीची कोंबडी अंड्यावरून उठून पळाली. मग हात पुसत त्यानं एक गोष्ट काढली. सगळं उघडलंच आहे, तर पुढचं चाकही सरळ करून टाकू का?

ते वाकडं चाक सगळ्या वस्तीच्या चेष्टेचा विषय होता. एका जुन्या भिंगरीवाल्याच्या मयताला जाताना कब्रस्तानाच्या फाटकाशी दिसेबोची गाडी गटाराच्या कठड्यावर आदळली आणि पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी दांडा, म्हणजे आर्म, वाकला. तेव्हापासून गुशेशे सरळ चालताना तोंड डावीकडं करून चालायची. लोक म्हणायचे, दिसेबोची गाडी रस्ता सोडून शेजाऱ्याच्या अंगणात काय शिजलंय ते बघते.

एरवी दिसेबो म्हणाली असती, बघू दे की. पण त्या दिवशी तिच्या मनात आलं, शेवटची खेप असली तर निदान ताठ मानेनं जाऊ दे. ती हो म्हणाली. फान्यानानं भंगारातनं सरळ आर्म आणला, बसवला, दोन्ही चाकं एका रेषेत आणली. नवरीसारखी गाडी निघाली. दिसेबोनं मोठ्या रस्त्यावर हात सोडून बघितलं. सुतासारखी सरळ.

गुरुवारी माळावर सराव. बघायला दहापाच टॅक्सीवाले, फान्याना, आणि ड्यूटी संपवून आलेली रेआबेत्स्वे. दिसेबोनं स्टिअरिंग पार पिळून भिंगरी धरली, धूर निघाला, दार उघडलं, पाय खाली टाकला, हात सोडला. आणि गुशेशेनं तिच्याकडं पाठ केली. फिरणं सोडून सरळ निघाली, टायरांच्या ढिगात नाक घालून थांबली आणि बंद पडली.

दिसेबो माळाच्या मधोमध एकटी उभी राहिली. टॅक्सीवाले हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"पट्टा बांध," फान्याना हळूच म्हणाला.

"बांदून फिरवायची तर मग मी कशाला पायजे?"

ती रात्र तिनं कशी काढली कुणास ठाऊक, पण शुक्रवारी सकाळी तीच लेकीला म्हणाली, चल, दाखव तुझी ती नवी गाडी. रेआबेत्स्वेला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आईचा आवाज आजारी माणसासारखा वाटत होता.

शोरूममधली गाडी करड्या रंगाची, मांजरासारखी दबून बसलेली. दिसेबोनं तिला नावं ठेवली नाहीत. बैठक चांगली होती, दारही भरदार वाजत होतं. विकणारा पोरगा तोंडाचा गोड. त्यानं मागच्या रिकाम्या आवारात चालवायला दिली. दिसेबोनं सवयीनं चाक पिळलं आणि पाय दाबला. शेपूट जराशी हलली, लगेच इंजिननं आपलाच गळा दाबून घेतला आणि समोर पिवळा दिवा लुकलुकला. पोरगा खुशीत म्हणाला, ही गाडी घसरूच देत नाही.

"आन मला घसरायचंच आसंल तर?"

पोरगा हसला. त्याला ती थट्टा वाटली.

दिसेबोनंही हसून हात सैल केले. आणि पिळलेलं स्टिअरिंग तिच्या हाताखालनं आपसूक फिरलं, गुणी लेकरासारखं सरळ होऊन बसलं. तिनं पुन्हा पिळलं, पुन्हा सोडलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा पिळलं तेव्हा लेकीला वाटलं, आईला गाडी आवडली.

"हे समद्या गाड्यांना आसंच आस्तंय व्हय?" तिनं विचारलं.

चांगल्या अवस्थेतल्या सगळ्या गाड्यांना, असं पोरगा म्हणाला. हात सोडला की चाकानं सरळ व्हायचंच असतं.

दिसेबो गाडीतनं उतरली ती थेट टॅक्सीच्या थांब्याकडं. मागनं लेक विचारत होती, काय झालं, काय झालं. वस्तीत उतरताच ती टपरीकडं वळली. टपरीमागं टाकलेल्या जुन्या टायरांत हात घालून तिनं गुशेशेच्या पुढच्या डाव्या चाकाची टायरं एकेक ओढून काढली. सगळी एकाच कडेला खाल्लेली. इतकी वर्षं ती या टायरांकडं बघत होती आणि आर्मला शिव्या घालत होती. गाडी वाकडी होती म्हणूनच हात सोडल्यावर चाक पिळलेलंच राहत होतं. करामत दिसेबोची होती तेवढीच त्या गटाराच्या कठड्याचीही होती. आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगून गाडी सरळ करून घेतली होती.

"मालोमे, माजा वाकडा आर्म दे."

फान्यानाला आधी ऐकूनच घ्यायचं नव्हतं. आर्म कुठंय तेही आठवेना. त्यानं कोपरे उलटेपालटे केले, बायकोवर ओरडला, भंगारवाल्याच्या नावानं बोटं मोडली. शेवटी बायकोच बाहेर आली आणि तिनं वर बोट केलं. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून छपरावर दगड, फुटकी बादली आणि एक भला मोठा भोपळा ठेवला होता. त्यात आर्मही होता. फान्यानानंच टाकला होता.

"जलमभर वाकडं सरळ करून पोट भरलं," तो शिडीवरनं उतरत पुटपुटला. "आन आता ह्या वयात सरळ काडून वाकडं बशीवतोय. कुणाला सांगू नगंस."

"समद्यांला सांगनार."

शनिवारभर दोघं गाडीखाली होती. रेआबेत्स्वे पाने देत होती. गाडी राहिली तर नवी येणार नाही हे तिला कळत होतं, तरी देत होती.

रविवारी मैदान खचाखच भरलं. थंडीचे दिवस, कोळशाचा धूर आणि टायरांचा धूर एकात एक मिसळलेला. पोरांचे खेळ झाले, एकापेक्षा एक. कुणी खिडकीत उलटा लटकला, कुणी टपावर चढला. मोजालेफानं शेवटचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या आवाजात जरा काळजी होती. गुशेशे आत आली, तोंड डावीकडं वळवून. लोकांना ओळख पटली आणि सगळीकडं हसू पसरलं.

दिसेबोनं भिंगरी धरली. आधी रुंद, मग आवळत आवळत आणली. इंजिन खोकलं नाही. धुरात लाल रंग दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. दार उघडलं. टपरीवरच्या निळ्या डगल्यातली, डोक्याला फडकं बांधलेली बाई खाली उतरली आणि दोन्ही हात वर करून मागं सरली.

गाडी फिरत राहिली.

शिट्ट्या थांबल्या. मोजालेफानं माइक खाली घेतला. रेआबेत्स्वेनं डोळ्यांवर हात घेतले होते, पण बोटांत फट ठेवली होती. दिसेबो चालत मधोमध गेली. तिथं तिनं आधीच एक टायर आडवं टाकून ठेवलं होतं. त्यावर बसली. डगल्याच्या खिशातनं कागदात गुंडाळलेला माग्विन्या काढला, तेलात तळलेला कणकेचा गोळा, आत आंब्याचं अचार भरलेला, आणि खायला लागली. मळणीच्या खळ्यात तिवड्याच्या खांबाभोवती बैल फिरावा तशी गुशेशे तिच्याभोवती फिरत होती, बिनदाव्याची, डावीकडं बघत. दिसेबोला घाई नव्हती. अचाराचा ओघळ मनगटावर आला तो तिनं चाटून घेतला. तेव्हा जो आवाज उठला तो म्हणे पार टॅक्सीच्या थांब्यापर्यंत गेला.

कागदाची गोळी खिशात घालून ती उठली, दार समोर येईतो थांबली आणि चालत्या टॅक्सीत चढावं तशी आत शिरली. गुशेशे आपल्या पायानं मैदानाबाहेर आली. चौघं जण ढकलायला तयार होते, ते टाळ्या वाजवत मागं पळाले. मोजालेफा माइकवर म्हणाला, शेवटची जागा भरलेली आहे, पोरांनो, अजून काही वर्षं विचारू नका.

रेआबेत्स्वे खिडकीशी आली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, असं ती सांगते.

"मा, त्या शोरूमवाल्याला उद्या फोन करते. नको म्हणून सांगते."

"सांग. आन त्येच्याकडं गुळगुळीत टायरं आस्तील तर हिकडं लावून दे म्हनावं."

सोमवारी सकाळी टपरी उघडायच्या आधीच एक टॅक्सीवाला पंक्चर चाक घेऊन उभा. त्याला कालचं सगळं पुन्हा ऐकायचं होतं. तेवढ्यात फान्यानानं पलीकडनं ओरडून सांगितलं की गुशेशेखाली पाण्याचं थारोळं झालंय, रेडिएटर परत गळतोय. दिसेबोनं तिकडं बघितलंही नाही. खाली भांडं ठेव, दुपारी येते म्हणाली. टॅक्सीवाल्याच्या हातातलं चाक घेऊन तिनं आडवं टाकलं, टायरच्या कडेत पहार घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर दिला.