फाटकावर उघडलेला डबा

नातवंडांनो, साखर कारखान्यात संप होता तेव्हा फाटकावर बंदूकधारी पोलीस आले. कचेरीतली माणसं कामावर होती. त्यांचे डबे पोलीस उघडून बघत. मी आणि थोरल्या जाऊबाई आपापल्या नवऱ्यांचे डबे न्यायचो. जाऊबाईंचा डबा उघडला की तिथला एक पोलीस म्हणे, "ताई, काय वास सुटलाय!" माझं झाकण तो मुकाट्याने लावी. मला ते फार झोंबे.

एके दिवशी मी ईर्ष्येने भरली वांगी केली. पोलीस जाऊबाईंना म्हणाला, "जावा ताई, तुमचा डबा वळखीचा हाय." माझं मात्र एकेक वांगं त्याने चमच्याने फोडलं. "भरल्यालं हाय बाई, आत काय बी असंल."

जाऊबाई पदराआड हसल्या. तुमच्या आजोबांनी ती फुटकी वांगी चाटूनपुसून खाल्ली. पण मला कौतुक हवं होतं ते फाटकावर, जाऊबाईंच्या देखत.