हजारावी गाडी आणि गुलाबी कागद

त्या वर्षी बाहेर व्यापाऱ्यांकडे भाव पडलेला होता, त्यामुळे सगळा कापूस सरकारी खरेदी केंद्राकडे निघाला होता. दारव्ह्याजवळच्या आमच्या केंद्रावर गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती. गाड्यांना टोकन देणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो फुकट आणि खुला होता, कोणीही उघडून दुरुस्त करावा असा. आजवर कोणी केला नव्हता.

प्रोग्राम नऊशे नव्व्याण्णवपर्यंतच मोजत असे. त्यापुढे पुन्हा एक. नवी आवृत्ती मी लिहायला घेतली, पण तिच्यात चौथा आकडा कागदाबाहेर जाई. हजारापासून हजार नऊपर्यंत दहाही गाड्यांना 'शंभर' हाच नंबर मिळे.

माझ्या वहीत 'कळवणे' असा रकाना होता आणि त्यात दर वेळी बरोबरची खूण होती. नवी आवृत्ती सोमवारी, मग गुरुवारी, मग बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येणार, असं मी नियमाने ईमेलच्या यादीवर कळवलं होतं. यादीत चार पत्ते होते. दोन माझे, एक पुण्यातल्या प्राध्यापकांचा, आणि एक आपलं नाव काढून टाका म्हणून दर महिन्याला लिहिणाऱ्या गृहस्थांचा. केंद्रावर इंटरनेट नव्हतं. टोकन देणारे बाबू फोनवर विचारत, "मॅडम, नवीन कवा येऊन राह्यलं?" मी म्हणे, "परवा."

टोकन नऊशे चाळीसवर पोचलं तेव्हा बाबूंचा आवाज बदलला. "दोन गाड्याईले एकच नंबर निंघाला तर लोक म्हणतीन, बाबूनं आपले सोयरे घुसवले. मले इथंच राहाचं हाय, मॅडम."

म्हणून मी आणखी एक 'परवा' घेऊन स्वतः गेले. कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर आल्याशिवाय खरेदी सुरू होत नसे. बाबू स्टुलावर उभे राहून रांगेला सांगत होते, "ग्रेडर साहेब आले नाहीत. कवा येतीन, मले माहीत नाही. तवरी बैलं सोडा, भाकरी खा. अकरा वाजता येऊन सांगतो."

अकराला ते पुन्हा स्टुलावर चढले. "अजून नाही आले. एक वाजता सांगतो."

"हेच सांगायचा पगार भेटते काय, बाबू?" एकानं विचारलं.

"हो. चूप बसायचा भेटत नाही."

लोक हसले आणि पुन्हा आडवे झाले. कोणी भांडलं नाही. मी पिशवीतला 'परवा' पिशवीतच ठेवला.

"बाबू, प्रोग्राम तयार नाही," मी म्हणाले. "कधी होईल मला माहीत नाही. नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा एक निघेल."

बाबू स्टुलावरून उतरले. "हे पयल्याच सोमवारी सांगतलं असतं, तर म्या रंगीत कागद आणून ठेवला असता. कायले लपवलं?"

मी म्हणाले, "कळवलं होतं." कोणाला, ते सांगितलं नाही.

मग बाजारात जाऊन गुलाबी कागद आणला, आणि बाबूंनी स्टुलावरून जाहीर केलं की पांढरे संपले की गुलाबी, आणि गुलाबी एक म्हणजे हजार.

दोन दिवसांनी मी पुन्हा केंद्रावर होते, तेव्हा गुलाबी एक मिळालेले काका गाडी घेऊन थेट फाटकाशी आले. "माहा पयला नंबर हाय."

"काका, तुमचा हजारावा हाय."

"कागदावर एक हाय ना? कम्प्युटर काय खोटं बोलते?"

"बोलते," बाबू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्या मॅडमनं शिकवलं त्याले."

मागच्या गाडीवरून आवाज आला, "काका, बाबूनं तीनदा सांगतलं. तुमी झोपले होते." काका पुटपुटत बैल वळवून रांगेत गेले. बाबूंच्या सोयऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

"आता नवीन कवा?" बाबूंनी विचारलं.

"माहीत नाही. शुक्रवारी चारला येऊन सांगते."

शुक्रवारी चारला गेले. प्रोग्राम तयार नव्हता. बाबूंनी स्टूल माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "चढा. आज तुमीच सांगा."


मी चढले. रांगेतल्या एकाही माणसाला प्रोग्रामशी काही देणंघेणं नव्हतं, पण सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं.